डाव्या कोपऱ्यातला गडी

कामोठे,
५ जानेवारी २०२६

चि. हरेश,

मामाचा आशीर्वाद.

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, हे माझ्या लेकीने, सुनिताने, फोन बघून सांगितलं. मामाला ब्लॉक करणारा भाचा आपल्या घराण्यात पहिलाच निघाला. तुझी पूर्वी शिकवणीला आमच्या सेक्टरमध्ये येते, तिच्या दप्तरातून हे पत्र पाठवतोय. तिला ब्लॉक करता येणार नाही, ती तुझीच मुलगी आहे.

कालचा सामना मोबाइलवर पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. यात्रेची स्पर्धा तोंडावर आली आहे आणि तुझा संघ अजून लागलेला नाही. जैतूला गोलात घेतलंस, ही या वर्षातली तुझी एकमेव अक्कलहुशारी. चिरनेरकडच्या वाडीवरून पोरगा आणला म्हणून गावाने नाकं मुरडली, पण असे हात आपल्या गावात कोणाला नाहीत. उजवीकडचा आनंदा एकदा पुढे गेला की सासुरवाडीला गेलेल्या जावयासारखा तिकडेच रमतो. मागे कोण बघणार? सुदामची तर दुसऱ्या हाफमध्ये जीभ बाहेर आली होती, तरी तू त्याला बाहेर काढलं नाहीस. दमलेल्या गड्याला मैदानात ठेवणं हा त्याच्यावर जुलूम आहे. कोच झालास, पण एवढं अजून शिकला नाहीस.

हे झालं वरवरचं. खरा रोग डावीकडे आहे. दोन्ही गोल डाव्या कोपऱ्यातून झाले. चेंडू तिकडे गेला की तुझा लाडका लेफ्ट बॅक प्रणित आतच थांबतो. समोरचा गडी कोपऱ्यात उभा राहून केस सारखे करतो आणि निवांत क्रॉस टाकतो. प्रणितच्या पायात ताकद आहे, डोकंही आहे. तरी तिकडे जात नाही म्हणजे भित्रा आहे. त्याला बसव.

तू म्हणशील, मैदानावर येऊन बोला. माझं मैदान विमानतळाच्या धावपट्टीखाली गेलं. आणि ते जायच्या आधीच माझं येणं संपलं होतं. माझा मुलगा दत्ता त्या मैदानावर खेळता खेळता गेला, त्यानंतर मी कुठल्याच लाइनवर उभा राहिलो नाही. मोबाइलवर दिसतं तेवढं पुरे आहे मला.

तुझा,
काशिराममामा

*

नवं गावठाण, पनवेल
८ जानेवारी

ती. मामांना,
नमस्कार.

पूर्वीने पत्र दिलं. आईने वाचायला घेतलं आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, दादूस अजून तसाच आहे.

नंबर ब्लॉक केला, कारण सामना चालू असताना तुमचा फोन येतो. मी मुलांना ओरडू की तुमचा फोन घेऊ? मागच्या महिन्यात तुमच्या फोनच्या नादात मी चुकीच्या मुलाला बाहेर बोलावलं. तो अजून माझ्याशी बोलत नाही.

सुदामचं तुम्ही म्हणता ते मान्य. आनंदाचंही अर्धं मान्य. प्रणितला मात्र भित्रा म्हणू नका. त्याची आई प्रमिला आपट्याची. पोरगा तिकडेच आजोळी वाढला, पाताळगंगेत पोहून छाती कमावलेला आहे. नुकताच गावात राहायला आला आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या पुढे पळाला. कोपऱ्याचं म्हणाल, तर तिथे गटाराचं पाणी झिरपतं, पाय रुततात. म्हणून तो आत थांबतो. यात्रेआधी मुरूम टाकून घेतो.

एकदा या. लाइनजवळ तुमच्यासाठी खुर्ची ठेवतो. आता सामना चालू असताना डोक्यावरून विमानं जातात, मुलं वर बघत राहतात आणि मी शिव्या घालतो. तुम्हाला मजा वाटेल.

तुमचा,
हरेश

*

कामोठे,
१२ जानेवारी

चि. हरेश,

मुरमाचे पैसे वाया घालवू नकोस. तू मला गटाराची गोष्ट सांगितलीस, म्हणून कालचा सामना मी नुसता कोपऱ्याकडे बघत पाहिला.

हाफटाइमनंतर संघ बाजू बदलतात की नाही? पहिल्या हाफमध्ये तुमचा डावा कोपरा गटाराकडे होता, तो मोकळा राहिला. दुसऱ्या हाफमध्ये तुम्ही पलीकडे गेलात. तिथे रस्ता आहे, जमीन कोरडी ठणठणीत आहे. तिथेही तुमचा डावा कोपरा मोकळाच. आणि ज्या गटाराच्या कोपऱ्यात पाय रुततात म्हणतोस, तिथे समोरच्या संघाची पोरं मजेत नाचत होती. म्हणजे मोकळी जागा मैदानाची नाही. ती तुमच्या संघाची आहे, संघाबरोबर फिरते.

शेवटी शेवटी तू प्रणितला बाहेर काढून दुसऱ्या पोराला लावलंस. तोही तिथवर गेला आणि वळला. ते बघून मी मागच्या वर्षीचे सामने शोधून काढले. तेव्हा डावीकडे सुदाम होता. तोही वळत होता. एक गडी भित्रा असू शकतो. जो येईल तो भित्रा, असं होत नाही.

अजून एक. जैतू चेंडू लाथाडायच्या आधी हात करून कोपऱ्यातल्या कोणाला तरी मागे बोलावतो. दर वेळी. मी सुनिताला दाखवलं. ती म्हणाली, बाबा, तिथे कोणी नाही. मी म्हटलं, तेच तर मी म्हणतोय.

हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये. तू काहीतरी लपवतो आहेस. लहानपणी कैऱ्या चोरल्यावर तू असंच पाणी, चिखल, पाऊस असं काहीबाही सांगायचास.

मामा

*

नवं गावठाण,
१५ जानेवारी

ती. मामांना,

लपवत होतो. तुम्हाला काय सांगायचं तेच कळत नव्हतं.

तुमचं पत्र आल्यावर मी प्रणितला बाजूला घेतलं. तू कोपऱ्यात का जात नाहीस, असं सरळ विचारलं. त्याला प्रश्नच विचित्र वाटला. म्हणाला, "तिथं आपला मानूस हाय ना. मी कशाला जाऊ?"

मग जैतूला विचारलं. त्याला प्रणित काय म्हणाला ते सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, "तो दादा लय कोपऱ्यात जातो. मागं ये सांगतो त्याला, तर येत नाय."

मामा, हा पोरगा वाडीवरचा, तो आपट्याचा. दोघांनी जुनं मैदान कधी पाहिलेलं नाही. दत्ताचं नावही त्यांच्यापुढे कोणी घेतलेलं नाही, कारण आमच्यात ते नाव कोणी घेतच नाही. सुदामला विचारलं तर तो मान खाली घालून उठून गेला. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. मलाही थोडंफार ठाऊक होतं. मी कोच झाल्यापासून त्या कोपऱ्याकडे पाठ करून उभा राहतो.

तो दिवस मी विसरलेलो नाही. चेंडू दुसरीकडे होता आणि दत्ता डाव्या कोपऱ्यात खाली बसला. सगळ्यांना वाटलं, बुटाची नाडी बांधतोय. मीही हात करून त्याला सांगितलं, सावकाश बांध.

काल मी देवळात गेलो. गावदेवीपुढच्या सुपाऱ्या तुम्हाला आठवत असतील. संघात नवा गडी आला की तो देवीपुढे सुपारी ठेवतो, आणि त्याचं खेळणं थांबलं की घरचं माणूस येऊन ती उचलून नेतं. ती उचलेपर्यंत तो संघातच असतो. दत्ताची सुपारी कोणी उचलली नाही. तुम्ही त्याचे दिवस करून कामोठ्याला गेलात ते गेलात, आणि तुम्हाला सांगायला यायची छाती कोणाची नव्हती. गाव उठलं तेव्हा देवीची पूजा करणाऱ्या कृष्णाबाईने सगळ्या सुपाऱ्या तांबड्या फडक्यात बांधून देवीबरोबर नव्या देवळात आणल्या. जो गडी जिथे खेळतो तिथे त्याची सुपारी, अशा ती रोज पुसून मांडते. डावीकडच्या जागेवर दोन सुपाऱ्या आहेत. एक प्रणितची. दुसरी जुनी, काळी पडलेली.

आम्ही घरं सोडली, मैदान सोडलं, खाडी सोडली. दत्ता मात्र संघाबरोबर आला.

कृष्णाबाई म्हणते, बापाने येऊन उचलली पाहिजे, दुसऱ्याचा हात चालत नाही. यात्रेच्या आदल्या संध्याकाळी देवीपुढे गड्यांची नावं पुकारतात, तेव्हा या. हे मागताना मला लाज वाटते, तरी मागतोय.

हरेश

*

कामोठे,
१७ जानेवारी

हरेश,

तुझं पत्र सुनिताला दाखवलं नाही. बाथरूममध्ये नळ सोडून वाचलं.

मी येणार नाही.

माझा मुलगा अजून तुमच्या संघात आहे, हे मला इतक्या वर्षांनी कळतंय. आणि ज्या पत्रात ते कळतं त्याच पत्रात तू म्हणतोस, त्याला काढा. असं पत्र बापाला लिहितात का?

दत्ता कसा खेळायचा ते मला विचार. उंचावरच्या चेंडूला कच्चा. उजव्या पायाने पास देताना डोळे मिटायचा. हे मी त्याला जेवायला बसल्यावर सांगायचो आणि तो भात कालवत हसायचा. पण त्याच्या कोपऱ्यातून कोणी गेलं नाही, हे तूही नाकारणार नाहीस. तुझ्या आजच्या पोरांपेक्षा तो बरा आहे. जो खेळतोय त्याला खेळू दे. प्रणितला उजवीकडे टाक, आनंदाला बसव. त्या बाजूने गोल होत असतील तर होऊ देत. सुपाऱ्या दोन असल्या तर देवीला जड होत नाहीत.

प्रणितला विचार, तो कसा दिसतो. अंगात कोणती जर्सी आहे, जुनी निळी की तुमची नवी. दमलेला दिसतो का, तेही विचार. आणि मला कळव.

मामा

*

नवं गावठाण,
२६ जानेवारी

ती. मामांना,

कालचा उपांत्य सामना तुम्ही पूर्ण पाहिला नसावा, कारण आमची पूर्वी ज्या फोनवरून सामना दाखवते त्याची बॅटरी गेली आणि शेवटचा भाग दिसला नाही. आपण जिंकलो. पण जिंकल्याचं कोणाला काही वाटलं नाही.

तुम्ही म्हणालात तसं मी प्रणितला उजवीकडे लावलं होतं. सामना संपत आला तेव्हा समोरचा फॉरवर्ड आमच्या डाव्या कोपऱ्यात एकटा सुटला. गोल होणारच होता. प्रणितला राहवलं नाही. तो पार उजवीकडून धावत आला आणि कोपऱ्यात शिरला. चेंडू काढला. आणि मामा, चेंडू काढल्यावर तो तिथेच खाली बसला, नाडी बांधायला बसावं तसा.

सुदाम ओरडत धावला. प्रणित लगेच उठला, त्याला काही झालेलं नाही. तरी पनवेलला नेऊन तपासून आणलं, डॉक्टर म्हणाले छाती ठणठणीत आहे. पोरगा म्हणतो, कोणीतरी छातीवर हात ठेवून त्याला मागे सारलं. "मारला नाय," तो म्हणाला. "सारला. पोराला विहिरीकडनं मागं वढतान तसा."

प्रमिलाने त्याचे बूट माळ्यावर टाकले आहेत. तिचा एकुलता एक आहे. दत्ताची सुपारी तिथे असेपर्यंत माझं पोर खेळणार नाही, असं तिने मला दारातच सांगितलं. संघाचं राहू दे. अंतिम सामना हरलो तर पुढच्या वर्षी खेळू. पण दुसऱ्याच्या मुलाला त्या जागेवर उभं करायची माझी आता हिंमत नाही. आणि हा पोरगा खेळायचा थांबला तर थांबलाच. त्याला दुसरं काही आवडतच नाही. त्याच्यात मला दत्ता दिसतो, हेही सांगून टाकतो.

तुम्ही विचारलं होतं ते मी त्याला विचारलं. जर्सी निळी आहे. तोंड नीट दिसत नाही, कारण तो कायम चेंडूकडे बघत असतो. दमलेला दिसतो का म्हणून विचारलं तेव्हा प्रणितने मान वर केली. मग म्हणाला, "लय दमलाय. पण त्याला कोनी बोलवतच नाय बाहेर."

हरेश

*

कामोठे,
२८ जानेवारी

हरेश,

शनिवारी संध्याकाळी येतो. खुर्ची ठेवू नकोस. कोणी पाया पडायला येऊ नका, कोणी रडायचं नाही. कृष्णाबाईला सांग, सुपारी हलवू नकोस, मी येऊन ओळखीन.

प्रमिलाला बूट खाली काढायला सांग.

मामा

*

नवं गावठाण,
४ फेब्रुवारी

ती. मामांना,

शनिवारी तुम्ही आलात आणि पाणीही न पिता गेलात. आई दाराशी ताट घेऊन उभी होती. तुम्ही देवीपुढे वाकून काय बोललात ते कोणाला ऐकू आलं नाही, नेमकं तेव्हाच वरून विमान गेलं. कृष्णाबाई जवळ होती, पण ती सांगत नाही. तुम्ही मूठ मिटून पायऱ्या उतरलात तेवढं आम्ही पाहिलं. मी रिक्षापर्यंत सोडायला येत होतो, तर तुम्ही हातानेच नको म्हणालात.

अंतिम सामना तुम्ही पाहिलाच असेल. आपण हरलो. पण डाव्या कोपऱ्यातून काही झालं नाही. सुरुवातीलाच चेंडू तिकडे गेला. प्रणित कोपऱ्याच्या तोंडाशी थबकला. त्याने मागे वळून जैतूकडे पाहिलं. जैतूने मान हलवली आणि तो आत शिरला. नंतर सबंध सामनाभर त्याने तिथून कोणाला जाऊ दिलं नाही. जैतूने एकदाही त्या बाजूला हाक मारली नाही. प्रमिला लाइनवर पदर तोंडात धरून उभी होती, शेवटच्या शिट्टीनंतर ती मटकन खाली बसली.

मुलं हरूनही नाचत होती. मला मात्र तिकडे बघवेना. इतकी वर्षं त्या जागेकडे पाठ करून उभा राहिलो, आणि या वेळी तोंड करून उभा राहिलो तर तिथे नुसतं गवत. मामा, मला रडू आलं. तुम्ही रडायचं नाही म्हणाला होतात, पण ते शनिवारपुरतं होतं असं मी समजतो.

तुमचा नंबर मी कधीचाच खुला केला आहे. सामना चालू असताना फोन हातातच धरून होतो. एकदाही वाजला नाही. गोल झाला तेव्हाही नाही. काळजी वाटते. बरे आहात ना?

हरेश

*

कामोठे,
९ फेब्रुवारी

चि. हरेश,

मी बरा आहे. पूर्वीला विचार, तिला मी वडापाव खायला घातला.

देवीपुढे काय बोललो ते सांगतो. सुपारी ओळखायला वेळ लागला नाही. ठेवायच्या दिवशी दत्ताच्या हातून पडली होती आणि तिचा कपचा उडाला होता, मी तेव्हा त्याला ओरडलोही होतो, चेंडू तर सोड, तुला सुपारी धरता येत नाही. ती खाच बोटाला लागली. मी देवीला म्हटलं, माझा गडी दमलाय, मी त्याला बाहेर घेतो. बस, एवढंच. दमलेल्या गड्याला मैदानात ठेवू नये, हे मीच तुला आयुष्यभर शिकवत आलो. दुसऱ्यांच्या पोरांना लागू आणि माझ्या पोराला नाही, असं कसं चालेल?

रिक्षात बसलो तेव्हा नकळत उजवीकडे सरकलो. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. खांदेश्वरपर्यंत माझी मूठ गरम होती.

अंतिम सामना पाहिला. गोल उजवीकडून झाला. आनंदा नेहमीप्रमाणे पुढे रमलेला होता, हे मी पाच जानेवारीला लेखी कळवलं होतं. आता तरी माझं ऐकत जा. सुदामला वेळेवर बाहेर काढलंस, त्याबद्दल शाबासकी.

फोन का केला नाही विचारतोस. इतकी वर्षं मी एकटा सामना बघायचो. बाजूला कोणी नसलं की माणूस फोन करतो.

सुपारी टीव्हीजवळ वाटीत ठेवली आहे. सुनिताने आता सामना मोठ्या पडद्यावर लावून दिला आहे. काल उरणचा सामना लागला तेव्हा ती चहा घेऊन आली आणि सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात बसायला गेली. मी म्हटलं, इकडे नको, खुर्ची घे. तिने माझ्याकडे पाहिलं. मग त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. आणि खुर्ची ओढून बसली. थोड्या वेळाने उठली आणि अजून एक कप चहा आणून टीपॉयवर ठेवला, त्या बाजूला. चहा गार झाला. पण मी बऱ्याच दिवसांनी सोफ्याला पाठ टेकून सामना पाहिला.

तो बोलत नाही. आधीही माझ्यापुढे कमीच बोलायचा. पण कोणी डोळे मिटून पास दिला की मला हसू येतं, आणि ते हसू माझ्या एकट्याचं वाटत नाही.

पुढच्या सामन्यालाही प्रणितला डावीकडेच ठेव. आमचं दोघांचं तेच मत आहे.

तुझा,
मामा